वाचू न दिलेली यादी

आमच्या लॅबमधलं सात नंबरचं यंत्र गेल्या जूनमध्ये सुरू केलं, तर पडद्यावर ना चित्र ना खिडकी; काळ्या पाटीवर लॉगिनची एकच ओळ. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाला पायथनची नवी आवृत्ती हवी होती. नवी बसवायची तर जुनी आधी काढावी, असं त्याला वाटलं. उबुंटूच्या टर्मिनलवर त्याने ‘सुडो अ‍ॅप्ट रिमूव्ह पायथन३’ लिहिलं आणि शेवटी ‘-वाय’ जोडलं. पायथनच्या आधारावर उभं असलेलं सगळं त्याच्याबरोबर गेलं: डेस्कटॉप, आपोआप सुरक्षा-अद्ययावत करणारं पॅकेज, यूएफडब्ल्यू नावाचं फायरवॉल. “सर, मी फक्त पायथन काढलं,” तो म्हणाला. त्याचे हात थरथरत होते.

मी त्याला एका शब्दाने बोललो नाही. बोलायचं ते ज्यांनी त्याला हे शिकवलं त्यांना. आमच्या विभागाची छापील प्रात्यक्षिक-पत्रिका उघडा: प्रत्येक आज्ञेच्या शेपटाला ‘-वाय’ आहे. बसवतानाही आणि काढतानाही. का, तर तास पन्नास मिनिटांचा, मुलं साठ, आणि प्रत्येकाने थांबून ‘हो’ म्हणत बसलं तर प्रात्यक्षिक आटोपत नाही. मास्तरांची दहा मिनिटं वाचावीत म्हणून मुलांचं वाचणं बंद केलं आहे.

वाचायचं काय असतं? अ‍ॅप्ट हे उबुंटूचं पॅकेजेस बसवणारं-काढणारं साधन कुठलीही गोष्ट काढण्याआधी यादी दाखवतं. ही ही पॅकेजेस जाणार, एकूण इतकी, डिस्कवर एवढी जागा मोकळी होणार. पुढे जाऊ का? आणि उत्तरासाठी थांबतं. एक पॅकेज काढायला सांगितलं आणि यादीत दीडशे नावं आली, तर ती दीडशे नावं हेच उत्तर आहे: थांब. ‘-वाय’ म्हणजे त्या प्रश्नाला प्रश्न विचारला जाण्याआधीच दिलेलं ‘हो’. ही सोय रात्री माणसाविना चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी आहे, जिथे कीबोर्डपुढे कोणी नसतं. खुर्चीत जिवंत, शिकणारा मुलगा बसलेला असताना ती शिकवणं हा गुन्हा आहे. मी हा शब्द मोजून वापरतो. बॅश किंवा डीपीकेजीसारखी ‘अत्यावश्यक’ शिक्का मारलेली पॅकेजेस जाणार असतील तर अ‍ॅप्ट ‘-वाय’ला न जुमानता थांबतं, पण तो शिक्का मोजक्याच पॅकेजेसवर असतो. उबुंटूच्या डेस्कटॉपवर तो नाही. त्याचा राखणदार तुम्ही.

आणि ‘रिमूव्ह’ म्हणजे नेमकं काय, हेही कोणी शिकवत नाही. वहीत एक ओळ: ‘रिमूव्हने सॉफ्टवेअर निघते.’ निघत नाही. प्रोग्रॅमच्या फायली निघतात. ‘/ईटीसी’मधली त्याची कॉन्फिगरेशन जागच्या जागी राहते. ‘डीपीकेजी -एल’ चालवून पाहा, काही ओळींच्या सुरुवातीला ‘आरसी’ दिसेल: काढलंय, पण कॉन्फिग शिल्लक. म्हणून बिघडलेली सेवा रिमूव्ह करून पुन्हा बसवली की तोच बिघाड परत येतो, आणि पोरगं म्हणतं, लिनक्स भिकार आहे. मग कोणी अर्धवट शहाणा सांगतो, ती फाइल हाताने उडव आणि पुन्हा बसव. तसं केलं तर फाइल परतच येत नाही! अ‍ॅप्टखाली प्रत्यक्ष काम करणाऱ्या डीपीकेजीच्या लेखी ती फाइल मालकाने मुद्दाम काढली आहे, आणि मालकाची इच्छा ते मोडत नाही. इथे हवा असतो ‘पर्ज’. मग नव्याने बसवलं की कॉन्फिगरेशनही कोरी येते. पण पर्जही डोळे मिटून मारायचं हत्यार नव्हे. मायएसक्यूएलचा सर्व्हर पर्ज करा, तुमचे डेटाबेसही पुसू का असं तो विचारतो. हा प्रश्न एखाद्या पतसंस्थेच्या हिशेबाच्या यंत्रावर विचारला जात असेल, आणि समोर बसलेल्याला चार वर्षं फक्त ‘हो’ म्हणायला शिकवलेलं असेल. याची जबाबदारी कोण घेणार? तुमच्या घरच्या फोल्डरमधल्या लपलेल्या फायलींना मात्र पर्जही हात लावत नाही. त्या तुमच्या आहेत, पॅकेजच्या नाहीत.

तसंच ‘ऑटोरिमूव्ह’. जागा कमी पडली की चालवा, असं सर्रास सांगितलं जातं, झाडू मारावा तसं. अ‍ॅप्ट प्रत्येक पॅकेजपुढे नोंद ठेवतं: हे माणसाने मागितलं, की दुसऱ्या कुणाच्या गरजेपोटी आपोआप आलं. आपोआप आलेल्याचा आता कुणी दावेदार उरला नाही, तर ऑटोरिमूव्ह ते उचलतं. पण आपोआप आलेलं एखादं साधन तुम्ही रोज हाताने वापरत असाल, तर ते अ‍ॅप्टला कसं कळावं? ‘अ‍ॅप्ट-मार्क मॅन्युअल’ लिहून तुम्ही सांगायचं असतं. आमच्याकडे ही आज्ञा ठाऊक असलेला तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी मला आजवर भेटलेला नाही. दोष त्यांचा नाही, हे पुन्हा सांगतो.

२०२१च्या नोव्हेंबरमध्ये कॅनडातले यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन यांनी पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे खेळांचं अ‍ॅप बसवायला घेतलं. पॅकेजमधल्या गफलतीमुळे अ‍ॅप्टने अख्खा डेस्कटॉप काढायचा प्रस्ताव ठेवला, धोक्याची सूचना दिली आणि मान्य असेल तर एक पूर्ण वाक्य टाइप करायला सांगितलं: होय, मी म्हणतो तसं कर. त्यांनी ते टाइप केलं, डेस्कटॉप गेला. जगभर लोक त्यांना हसले. अ‍ॅप्ट बनवणारे मात्र नुसते हसत बसले नाहीत. पुढच्याच काही दिवसांत २.३.१२ या आवृत्तीत त्यांनी ते वाक्य टाइप करून पुढे जाण्याची वाटच बंद केली. अत्यावश्यक पॅकेज काढायचंच असेल तर आता वेगळा पर्याय मुद्दाम लिहावा लागतो. सूचना पडद्यावर होती, वापरणाऱ्याने ती डावलली होती, तरी त्यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली. फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं इतकं करतात. आम्ही पगार घेऊन एक पत्रिका दुरुस्त करत नाही.

काढण्याआधी दिसणारी ही यादी किती मोलाची आहे ते कळायला हातातला फोन पाहा. विकत घेतानाच त्यात भरलेली कितीतरी अ‍ॅप्स तुम्हाला काढताच येत नाहीत. संगणकाला केबल लावून, ‘एडीबी’मधून ‘पीएम अनइन्स्टॉल --यूजर ०’ची आज्ञा दिली तरी अ‍ॅप फक्त तुमच्यापुरतं दिसेनासं होतं, मूळ फाइल सिस्टिमच्या विभागात बसून असते आणि फॅक्टरी रीसेट केला की परत हजर. पैसे तुमचे, यंत्र तुमचं, आणि काढण्याचा अधिकार दुसऱ्याचा. उलट उबुंटूचा पाया असलेल्या डेबियनने १९९३पासून उभं केलेलं जग सांगतं: काय बसलंय ते बघ, काय जाईल ते आधी बघ, आणि मग तू ठरव. इतका प्रामाणिकपणा बाजारात विकत मिळत नाही. आणि आम्ही मुलांना तो दोन अक्षरांत झिडकारायला शिकवतो.

सात नंबरचं यंत्र मी आणि त्या मुलाने मिळून उभं केलं. ‘/व्हार/लॉग/अ‍ॅप्ट’मध्ये ‘हिस्टरी’ नावाची नोंद असते. त्या संध्याकाळची आज्ञा, वेळ, गेलेल्या प्रत्येक पॅकेजचं नाव, सगळं तिथे होतं. फेडोराच्या डीएनएफमध्ये ‘हिस्टरी अनडू’ने असा व्यवहार एका आज्ञेत उलटवता येतो, आमच्या यंत्रावर ती सोय नव्हती. तो नावं वाचत गेला, मी टाइप करत गेलो. प्रत्येक नावाशी थांबून तो विचारायचा, हे काय करतं? दुपार त्यात गेली. जी यादी आदल्या संध्याकाळी वाचायची होती, ती त्याने दुसऱ्या दिवशी शेवटपर्यंत वाचली.

यंदाची पत्रिका छपाईला जाण्याआधी मी तिच्यातला प्रत्येक ‘-वाय’ लाल पेनाने खोडला आहे. पॅकेज काढण्याच्या प्रात्यक्षिकाआधी ‘--सिम्युलेट’ची पायरी घातली आहे: यंत्राला धक्काही न लावता यादी मिळते, सुडोसुद्धा लागत नाही. ती यादी वहीत उतरवायची, आणि त्यातल्या कुठल्याही तीन पॅकेजेसचं काम तोंडी सांगायचं. वेळ पुरत नाही, असा शेरा मारून विभागाने पत्रिका परत पाठवली. मी ती तशीच, खोडलेल्या अक्षरांसकट, पुन्हा पाठवली आहे.