बाटली कशी भरली, तेही अहवालावर छापा

मा. आयुक्त,
भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, पुणे



आपली यंत्रणा सत्तरच्या दशकातली. तेव्हा पाणी कुठे लागेल, याची चिंता होती. आता लागलेलं पाणी प्यावं की नाही, ही चिंताही तेवढीच मोठी आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत फ्लोराईडने मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडले, आणि ते पाणी दिसायला नितळच होतं. म्हणून आम्हाला प्रयोगशाळेच्या कागदावर भिस्त ठेवावी लागते.

पण प्रयोगशाळा तपासते ते बाटलीतलं पाणी. ते विहिरीचं खरं पाणी आहे की नाही, हे नमुना घेणाऱ्याच्या हातात असतं. बंद असलेल्या बोअरच्या केसिंगमध्ये पाणी साचून राहतं, त्यात लोखंडाचा गंज उतरतो. ते आधी उपसून टाकायचं आणि तापमान, विद्युतवाहकता स्थिर झाली की मगच बाटली भरायची. रासायनिक तपासणीची बाटली त्याच पाण्याने विसळायची. जिवाणूंची मात्र निर्जंतुक असते, ती विसळायची नाही आणि बर्फाच्या पेटीतून 24 तासांच्या आत पोचवायची. जड धातूंच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घातलं नाही, तर धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटतात नि अहवालात कमी दिसतात.

आणि टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर! सकाळी विहिरीत पावडर टाकून दुपारी नमुना घेतला, तर अहवाल चांगला येणारच. तो त्या दुपारपुरता खरा. पुढे गॅस्ट्रोची साथ आली की गाव म्हणतं, पाणी तर तपासलं होतं.

दुसरा स्रोत नसेल तिथे फ्लोराईडची कमाल मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम आहे. आकडा 1.4 आला की 1.6, यावर गावाने तो हातपंप वापरायचा की नाही हे ठरतं. एवढं ओझं ज्या बाटलीवर आहे, तिची हकिकत गावाला कळायलाच हवी.

म्हणून मागणी एकच. प्रत्येक अहवालावर छापा: विहीर रोजच्या वापरातली होती का, पंप किती वेळ चालवला, टीसीएल कधी टाकली, नमुना किती वाजता घेतला, प्रयोगशाळेत कधी पोचला. हा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. गावात नमुने घेणाऱ्या जलसुरक्षकांना विद्युतवाहकता मोजायचं साधं यंत्र आणि बर्फाची पेटी द्या. त्यांच्याकडून काटेकोरपणा मागायचा, तर साधनंही द्यायला हवीत.

पावसाळ्यानंतरच्या येत्या फेरीपासून ही सुरुवात व्हावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक