अंगापेक्षा बोंगा नको

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने ५० मीटर रायफल नेमबाजीत, गुडघ्यावर बसून, पालथे पडून व उभे राहून अशा तिन्ही स्थितींच्या स्पर्धेत, ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. त्याच जिल्ह्याची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे विश्वविजेती झाली होती. एका शिक्षकाच्या मुलाने ऑलिंपिकचे पदक आणले, हे पाहून मराठवाड्यातील एखाद्या शिक्षकाने वा कारकुनाने आपल्या मुलीच्या हाती रायफल देण्याचे मनावर घेतले, तर त्यात नवल नाही. मात्र हौसेच्या पाठोपाठ खर्च येतो, आणि त्यात सर्वांत फसवा खर्च जाकिटाचा असतो.

नेमबाजीचे जाकीट म्हणजे दिमाखाचा पोशाख नव्हे. दहा मीटरवरील एअर रायफलच्या लक्ष्यात दहा गुणांच्या बिंदूचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर असतो. साडेपाच किलोंपर्यंत वजनाची रायफल धरून साठ वेळा त्या बिंदूचा वेध घ्यावयाचा, तर पाठीच्या कण्यावर पडणारा ताण कोणीतरी वाटून घ्यावयास हवा. जाड कापडाचे वा चामड्याचे जाकीट ते काम करते. पाठीला आधार देते, खांद्याशी रायफलचा दस्ता घसरू देत नाही आणि शरीराची बारीक थरथर काहीशी शोषून घेते. पण चुकीची उभे राहण्याची पद्धत ते सुधारीत नाही. उलट काही काळ झाकून ठेवते. म्हणूनच नवशिक्याने आधी साध्या कपड्यांत शरीराचा तोल साधावा आणि मग जाकिटाकडे वळावे, हा क्रम शहाणपणाचा ठरतो.

कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी अडचण येते ती यापुढे. असे जाकीट अंगात घालून पाहावे, असे दुकान तेथील बाजारपेठेत मिळावयाचे नाही. मग मापे पाठवून पुण्या-मुंबईहून मागवावे लागते, किंवा कोणा जुन्या खेळाडूचे उतरलेले घ्यावे लागते. अशा वेळी मध्यमवर्गीय घरातील एक जुनी सवय आड येते. शाळेचा गणवेश जसा वाढत्या अंगाचा शिवून घ्यावयाचा, तसेच जाकीटही दोन वर्षे पुरेल असे घेतले जाते. गणवेशाच्या बाबतीत ही काटकसर खपते. येथे ती अंगाशी येते. सैल जाकीट पाठीला आधार देत नाही आणि कोपराशी त्याच्या घड्या पडतात. नेम धरताना डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकावयाचा असतो, तेथे या घड्या प्रत्येक वेळी वेगळ्या बसतात आणि नेमही वेगळा बसतो.

याउलट अंगाला आवळून बसणारे जाकीट घ्यावे, तर नियम आड येतो. कापडाची एकेरी जाडी अडीच मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, हा आंतरराष्ट्रीय दंडक २०१३ सालच्या नियमावलीतही होता. कापड ठरावीक वजनाखाली दबले पाहिजे आणि बटणे लावल्यावरही जाकीट अंगावर सैल राहिले पाहिजे, हीही अट असते. स्पर्धा संपल्यावर तपासणीत दोष आढळला, तर मिळविलेले सारे गुण व्यर्थ जातात. तेव्हा माप घ्यावयाचे ते स्पर्धेत आत घालावयाच्या कपड्यांवरून, आणि पारख करावयाची ती आरशासमोर न करता रायफल धरून, उभ्या स्थितीत. फक्त दहा मीटरचा खेळ खेळणाऱ्याला तिन्ही स्थितींसाठी बेतलेल्या महागड्या विलायती जाकिटाची गरज नसते, हेही पालकांना कोणीतरी सांगावयास हवे.

ते कोणी सांगावयाचे, हाच खरा प्रश्न आहे. एका कुटुंबाने आपल्या मिळकतीतून घेतलेले जाकीट मुलगी वाढताच वर्षभरात निरुपयोगी होते. तेच शाळेच्या किंवा जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या कपाटात असेल, तर दहा मुलांच्या उपयोगी पडते. वेगवेगळ्या मापांची मोजकी जाकिटे हंगामापुरती मुलांना द्यावी आणि वर्षातून एकदा जाणत्या प्रशिक्षकाने येऊन मापे घ्यावी, एवढी व्यवस्था जिल्ह्याच्या पातळीवर उभारणे अशक्य नाही. शाळेच्या ग्रंथालयातील पाठ्यपुस्तके जशी एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातात, तशीच ही जाकिटेही जाऊ शकतील.

पदक मिळाल्यावर सत्कार करण्यास महाराष्ट्र कधी मागे राहिलेला नाही. पदकाच्या कितीतरी आधी, चुकीच्या मापाच्या जाकिटात अडकून खेळ सोडून देणाऱ्या मुलांची मात्र कोठेच नोंद होत नाही. कळमनुरीच्या मुलीला हवे आहे ते तिच्या मापाचे जाकीट. हारतुऱ्यांचा विचार त्यानंतर करता येईल.