कढीपत्त्याची चार पानं अळीसाठी सोडा

कुंडीतल्या कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसली की आपला हात आधी फवारणीच्या बाटलीकडे जातो. घरात लहान मूल असेल तर माझी कळकळीची विनंती आहे: बाटली बाजूला ठेवा आणि मुलाला हाक मारा.

पानं खाणारी ती अळी बहुधा फुलपाखराची असते. लिंबू, बेल आणि कढीपत्ता ही एकाच कुळातली झाडं. लाइम बटरफ्लाय, कॉमन मॉरमॉन ही आपल्याकडची नेहमीची फुलपाखरं त्यांच्या कोवळ्या पानांवर अंडी घालतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरवलेल्या ब्लू मॉरमॉनच्या अळ्याही याच कुळातल्या झाडांवर वाढतात. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत हे सगळं तुमच्या गॅलरीत घडू शकतं. त्यासाठी वेगळं सामान विकत आणावं लागत नाही.

अळी झाडावरच राहू दिली तर उत्तम. आत आणायची असेल तर एक किंवा दोनच आणा, कारण मोठी झालेली अळी भराभर पानं संपवते. रुंद तोंडाची बरणी घ्या, तोंडावर मलमलचं कापड बांधा आणि ती उन्हात ठेवू नका. पानं त्याच झाडाची द्या. बाजारातल्या जुडीवर फवारणी झालेली असू शकते. डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत खोचलीत तर बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी पाण्यात पडून मरते. पान बदलताना अळीला चिमटीत धरून ओढू नका. ती बसलेलं पानच नव्या पानाजवळ ठेवा. बरणीतल्या लेंड्या रोज काढायच्या, हे काम मुलाकडे द्या. चार-पाच वर्षांचं मूल ते जबाबदारीने करतं.

आता शिकणं. पान बरणीत ठेवण्याआधी कागदावर ठेवून मुलाला कडेने पेन्सिल फिरवू द्या. दुसऱ्या दिवशी उरलेलं पान त्याच आकृतीवर ठेवा. किती खाल्लं, ते मूल स्वतः सांगेल. रोज अळीएवढा लोकरीचा तुकडा कापून कागदावर ओळीने चिकटवा. आठवडाभरात वाढ डोळ्यांना दिसते, आणि आकडे न येणाऱ्या मुलालाही ती वाचता येते. पाय मोजा: पुढे तीन जोड्या खऱ्या पायांच्या, मागे पाच जोड्या मांसल, पकड घेणाऱ्या. पुढे फुलपाखराचे पाय मोजायला सांगा. सहाच का, हा प्रश्न मुलाकडूनच येऊ द्या.

लहान अळी तपकिरी-पांढरी, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. शेवटची कात टाकल्यावर ती हिरवी होते. दोन्ही रंग पक्ष्यांच्या नजरेतून निसटण्यासाठी असतात. हे लगेच सांगू नका, आधी मुलाला अंदाज करू द्या. डिवचलं तर अळी डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेला, उग्र वासाचा अवयव बाहेर काढते. तो पाहण्यासाठी तिला मुद्दाम त्रास द्यायचा नाही, हाही धडाच आहे. कात टाकण्याआधी ती बराच वेळ निश्चल बसते, तेव्हा हात लावू नका.

एक दिवस ती खाणं सोडून फिरू लागेल. बरणीत एक कोरडी काडी तिरकी ठेवा. तिथे ती कमरेभोवती रेशमाचा धागा बांधून घेते आणि कोष होते. मग साधारण आठ ते पंधरा दिवसांची वाट, थंडीत जास्त. कॅलेंडरवर रोज एक फुली मारू द्या. फुलपाखरू बहुतेक वेळा सकाळी बाहेर येतं. पंख चुरगळलेले असतात आणि ते सुकायला वेळ लागतो. मदत म्हणून बोट लावलंत तर पंख कायमचे अधू होऊ शकतात. उडायला लागलं की त्याच झाडाजवळ सोडा.

कधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाशी निघते, कधी अळी मरते. मुलापासून लपवू नका आणि रात्रीतून दुसरी अळी आणून ठेवू नका. पान अळीने खाल्लं, अळी गांधीलमाशीच्या पिल्लाने खाल्ली, असं सरळ सांगा. मुलाला रडू आलं तर रडू द्या, जवळ बसा.

काही पथ्यं पक्की ठेवा. केसाळ सुरवंटाला हात लावायचा नाही, त्याच्या केसांनी अंगाची आग होते. रुई आणि कण्हेरीवरही फुलपाखरांच्या अळ्या असतात, पण या झाडांचा चीक विषारी आहे, तेव्हा त्या लांबूनच दाखवा. अळीचं काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे.

शेवटची गोष्ट आपल्या मोठ्यांसाठी. मटार सोलताना अळी निघाली आणि आपण किंचाळलो की मूल आपला चेहरा पाहून किळस शिकतं. त्याऐवजी ती दाखवा, काय खाते ते विचारा आणि शेंगेसकट बाहेर नेऊन ठेवा. आणि या पावसाळ्यात एका कुंडीवर तरी औषध मारू नका. गॅलरी नसेल तर सोसायटीच्या बागेतलं लिंबाचं झाड मागून घ्या, माळीकाकांना सांगून ठेवा आणि शेजारच्या मुलांनाही बोलवा.