सीड्या भंगारात देऊ नका, आणि महागडा प्लेअरही घेऊ नका



आपल्या इंदूरच्या मराठी घरांमधून सध्या एक प्रश्न फिरतोय आणि त्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी फार घाईत दिलं जातंय. वीस-पंचवीस वर्षं चाललेला सीडी प्लेअर बंद पडतो. मुलगा पुण्याहून किंवा अमेरिकेतून फोनवर सांगतो, "बाबा, सगळं मोबाईलवर आहे, द्या टाकून." मग दिवाळीच्या आवराआवरीत दोन-तीनशे सीड्या रद्दीबरोबर जातात. माझ्या ओळखीच्या तीन घरांतून अशा गेल्या. माझं मत विचाराल तर सीड्या ठेवा. पण त्यांच्यासाठी पन्नास हजारांचा नवा प्लेअर घेण्याचंही काही कारण नाही.

आधी ठेवायच्या का, ते सांगतो. उस्ताद अमीर खां आपल्या गावचे. कुमारजी 1948 साली देवासला आले ते कायमचे आपल्याच माळव्याचे झाले. त्यांचं गाणं मोबाईलवर मिळतं, मान्य. पण तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, हे तिथे बहुधा लिहिलेलंच नसतं, आणि विलंबित कुठे संपून द्रुत कुठे सुरू झाली याचे कसेही तुकडे पाडलेले असतात. सीडीच्या आतल्या चिटोऱ्यावर ही सगळी माहिती असायची. शिवाय एका सीडीत सलग 74 मिनिटं मावतात. तीन मिनिटांच्या जुन्या तबकडीत किंवा एलपीच्या वीस-बावीस मिनिटांच्या एका बाजूत बांधला गेलेला ख्याल सीडीत पहिल्यांदा मोकळा झाला, हे आपण विसरतो.

पण खरी काळजी बाजारातून आणलेल्या सीड्यांची नाहीच. साधारण 2000 ते 2010 या काळात आपण सगळ्यांनी घरच्या कॅसेट कॉम्प्युटरवाल्याकडे देऊन त्यांच्या सीड्या करून घेतल्या. आजोबांचं कीर्तन, आत्याचं भजनी मंडळ, लग्नातल्या मंगलाष्टका. आमच्याकडे आईची 1987 सालची भजनं आहेत, रामबागेतल्या गणेशोत्सवातली. मूळ कॅसेट कधीच गेली. या घरच्या सीड्या आणि दुकानातल्या सीड्या दिसायला सारख्या, पण जात वेगळी. दुकानातल्या सीडीत प्लॅस्टिकवर खळगे दाबून उमटवलेले असतात; घरच्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि त्यावर लेसरने भाजून खुणा केलेल्या असतात. ऊन, उष्णता आणि काळ यांनी हा रंग उडतो. आपल्याकडचा मे महिना आठवा आणि ती सीडी कुठल्या कपाटात आहे तेही आठवा.

म्हणून प्लेअरची चौकशी करण्याआधी एक काम करा. लॅपटॉपला लागणारा बाहेरचा सीडी ड्राइव्ह आणा, 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' नावाचं फुकट सॉफ्टवेअर घाला आणि घरच्या सीड्या आधी उतरवून घ्या. जिथे वाचन शंकास्पद वाटतं तिथे हे सॉफ्टवेअर पुन्हापुन्हा वाचून बघतं. फाईल फ्लॅक स्वरूपात ठेवा. त्यात काहीच गाळलं जात नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. तीनशे सीड्या दीडशे जीबीच्या आत-बाहेर बसतात. दोन प्रती करा, एक बहिणीच्या घरी ठेवा.

आता यंत्राकडे. सीडी प्लेअर म्हणजे एका डब्यात दोन यंत्रं. एक तबकडी फिरवून लेसरने आकडे वाचतं, दुसरं त्या आकड्यांचा आवाज करतं. हे दुसरं म्हणजेच कन्व्हर्टर. बिघडतं ते जवळजवळ नेहमी पहिलं: ट्रेचा रबरी पट्टा सैल होतो, लेन्सवर धूळ बसते, शेवटी लेसर थकतो. पट्टा किरकोळ पैशांत बदलून मिळतो, लेन्स पुसता येते. त्यामुळे आधी महाराणी रोडवर कुणी जुना कारागीर अजून बसत असेल तर त्याला दाखवा. मी एका दुकानात गेलो तेव्हा मात्र पहिलं वाक्य ऐकलं, "भिया, अब सीडी सुनता कौन है?" आणि लगेच दुसरं, "ये वाला ले जाओ, डीएसी अलग से लगेगा."

बाहेरचा कन्व्हर्टर वाईट नाही. उतरवलेल्या फाईली लॅपटॉपवरून जुन्या ॲम्प्लिफायरवर वाजवायच्या तर तोच कामाचा. पण त्याच्यावर किती खर्च करायचा? सीडीचं माप 1982 सालापासून एकच आहे: सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक 16 बिटांचा. ते नीट वाचून आवाजात बदलणं आज स्वस्तातल्या चिपलाही जमतं. खोक्यावर 32 बिट लिहिलेलं असलं म्हणून सीडीतल्या 16 बिटांचे 32 होत नाहीत. जुन्या सीडीच्या पाठीवर बारीक अक्षरांत एएडी किंवा एडीडी छापलेलं दिसेल. पहिला 'ए' म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण टेपवरचं. त्या टेपची सरसर सीडीत आहेच, ती कुठलाही कन्व्हर्टर घालवणार नाही. घालवूही नये.

दुकानात दोन यंत्रांची तुलना करायला बसाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा. जे किंचित मोठ्याने वाजतं ते कानाला चांगलं वाटतं. एखाद्या डेसिबलचा फरक पुरतो, आणि तो फरक मोठा आवाज म्हणून नाही तर 'खुलं', 'जिवंत' असा जाणवतो. दोन्ही सारख्या आवाजावर आणून मगच ऐका, आणि ऐकायला झगमगीत वाद्यवृंद नको. कुमारजींची एखादी संथ सुरुवात घ्या. ते तंबोरे किती चोखंदळपणे लावत हे सगळ्यांना माहीत आहे. दोन तंबोऱ्यांमधली हवा ऐकू आली की काम झालं. उरलेले पैसे स्पीकरवर घाला. यंत्रायंत्रांतला खरा फरक तिथे आहे. आणि घरी आल्यावर तार 'फोनो' लिहिलेल्या भोकात लावू नका, ते तबकडीच्या सुईसाठी असतं, आवाज फाटेल. 'ऑक्स' किंवा 'सीडी' लिहिलंय तिथे लावा.

एवढं सांगूनही आमच्या घरी मी शेवटी सीडी प्लेअरच आणला. साधा, जुन्या बाजारातला, मागे कोॲक्सियल भोक असलेला. कारण हिशोबात एक माणूस धरायचं राहून जातं. आईचं वय 84. तिला लॅपटॉप नको, ॲप नको, टीव्ही लावल्याशिवाय गाणं निवडता न येणारा डीव्हीडी प्लेअरही नको. भाचा म्हणाला, "आजी, नुसतं बोलायचं, ते आपोआप लावतं." तिने दोनदा बोलून पाहिलं, तिसऱ्यांदा ते भलतंच लावून बसलं आणि विषय संपला. तिला बटण दाबल्यावर बाहेर येणारा ट्रे हवा आणि हातात तबकडी हवी. उतरवलेल्या भजनांची नवी सीडी करून तिला दिली आहे, जुनी कपाटात अंधारात ठेवली आहे. प्लेअरला पुढेमागे कन्व्हर्टर जोडता येईल. सध्या गरज वाटत नाही.

एक काम अडलंय. आईच्या सीडीतलं सहावं भजन दोन ड्राइव्हवर वाचलं गेलं नाही, मध्ये चाळीसेक सेकंद नुसती खरखर आहे. तिसऱ्या ड्राइव्हवर, सर्वांत कमी वेगाने, एकदा प्रयत्न करणार आहे. रामबागेतल्या त्या वर्षीच्या गणपतीत कुणाच्या वडिलांनी टेपरेकॉर्डर लावला होता असं कुणाला आठवत असेल, तर त्यांनी मला जरूर कळवावं. कॅसेट गुंतलेली असली तरी चालेल.