चमॉड ६६६ शिकवणं थांबवा

लिनक्सला आर्डुइनो जोडला, प्रोग्राम चढवायला गेलं आणि ‘परमिशन डिनाइड’ आलं, की लॅबमध्ये एकच तोडगा सांगितला जातो: सुडो चमॉड ६६६ /डेव्ह/टीटीवायएसीएम०. म्हणजे ती डिव्हाइस फाइल सगळ्यांनाच वाचायला-लिहायला खुली करायची. मी पाहिलेल्या कित्येक मॅन्युअलांत ही ओळ छापलेली आहे. हा निव्वळ आळस आहे, आणि तो विद्यार्थ्यांच्या माथी मारणाऱ्यांची मला चीड येते.

मुळात हा तोडगा टिकतच नाही. लिनक्समध्ये २००९पासून डेव्हटीएमपीएफएस आहे. /डेव्हमधल्या फाइली मेमरीत असतात. केबल काढली की फाइल गेली, जोडली की नवी आली, मूळ परवानग्यांसकट. मग पुन्हा सुडो, पुन्हा ६६६. कंटाळलेलं पोर शेवटी सगळंच रूटने चालवू लागतं.

खरा घात डिस्कपाशी होतो. डिव्हाइस फाइलमध्ये डेटा नसतो. मेजर आणि मायनर असे दोन आकडे असतात, त्यांवरून कर्नल ड्रायव्हर गाठतो. /डेव्ह/एसडीए उघडली म्हणजे थेट डिस्क उघडली. पेनड्राइव्हवर इमेज लिहायची असते, परवानगी नसते, हाताला ६६६ची सवय असते. नेमकं नाव सापडेना म्हणून ‘एसडी’पुढे तारांकन ठेवलं, की सगळ्या डिस्का एकदम मोकळ्या. आता मशीन बंद होईपर्यंत त्यावर लॉगिन असलेला कुणीही /ईटीसी/शॅडोच्या कडक परवानग्यांना वळसा घालून पासवर्डांचे हॅश वाचू शकतो, बदलूही शकतो. डेबियनमध्ये ‘डिस्क’ ग्रुपचं सदस्यत्व जवळपास रूटइतकंच मानतात, ते उगाच नाही.

आणि योग्य रस्ता अवघड आहे का? मुळीच नाही. डेबियन-उबुंटूत युजरला ‘डायलआउट’ ग्रुपमध्ये घाला, आर्चमध्ये ‘यूयूसीपी’त, पुन्हा लॉगिन करा, काम झालं. बोर्ड जास्त असतील तर /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डीमध्ये एक ओळ लिहा: व्हेंडर आयडी, प्रॉडक्ट आयडी, ग्रुप, मोड ०६६०, वर एक सिमलिंक, म्हणजे टीटीवाययूएसबी०चं टीटीवाययूएसबी१ झालं तरी तुमची स्क्रिप्ट अडत नाही. यूडेव्हच्या आधीच्या डेव्हएफएसमध्ये डिव्हाइस फाइलींची नावं कर्नलच्या आत ठरत. २००६मध्ये तो कर्नलमधून काढून टाकला. ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी २००३मध्ये आणलेल्या यूडेव्हने नाव आणि परवानगी ठरवण्याचा हक्क मशीन सांभाळणाऱ्याच्या हाती दिला. तो हक्क वापरायला शिकवायचं सोडून ज्यांनी ६६६ छापलं, त्यांनी पुढच्या सत्राआधी ती ओळ खोडावी आणि तिथे यूडेव्हचा नियम लिहावा.