बाकावरची जागा धरून ठेवा

दोस्तांनो, परदेशात गेलेल्या मुलांना तिकडच्या शाळेत करमतं का, मित्र मिळतात का, यावर आपण बरंच वाचतो. पण आपल्या कळंब, वाशी, भूम, परंड्याकडून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक-ट्रॅक्टरवर संसार लादून निघणाऱ्या पोरांचं काय? आईबापानं मुकादमाची उचल घेतलेली असते. टोळी कोल्हापूर-सांगलीला, कधी थेट कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. लेकरं त्या हिशेबात कुठंच नसतात.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की चार महिन्यांत कशीबशी दोस्ती जमते, तोवर निघायची वेळ. कारखान्याजवळच्या शाळेत गेलंच, तर तिथं ‘काय करूलालास?’ म्हटलं की वर्ग हसतो. पट्टा पडला की पाडव्याच्या आगंमागं परत गावात. इथं तोवर बाकं बदललेली, ग्रुप ठरलेले, गणिताचे चार धडे पुढं गेलेले. म्हणजे एका वर्षात दोनदा ‘नवीन पोरगं’ व्हायचं, आणि दुसऱ्यांदा तर स्वतःच्याच गावात!

खरं सांगतो, सहावीत माझ्या शेजारी बसणारा असाच गेला होता. परत आला तेव्हा त्याच्या जागेवर मी दुसऱ्याला बसवलं होतं. तो कानडी शिकून आला होता. ‘ऊट आय्ता?’ म्हणून त्यानं मोठ्या हौसेनं विचारलं, तर आम्ही महिनाभर त्याला तेच नाव ठेवलं. नवी भाषा शिकून आलेल्या पोराचं कौतुक करायचं सोडून! पुढच्या हंगामानंतर तो शाळेत आलाच नाही. कारणं बरीच असतील, पण त्यात माझाही वाटा होता, असं मला आजही वाटतं.

१९९३च्या भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. दुःख डोंगराएवढं होतं, पण आपल्याच भागातली, आपल्यासारखंच बोलणारी पोरं तरी सोबत होती. ऊसतोड कामगाराचं पोरगं नव्या वर्गात बहुतेकदा एकटंच असतं.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. गावात हंगामी वसतिगृहाची सोय असेल तर पोराला मागंही राहता येतं. निघायच्या आधी गुरुजींना, बाईंना विचारा, कित्येक घरांना हे माहीतच नसतं. पण डबा खाताना शेजारी कोण बसणार, हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. ते तुमच्या हातात आहे.

फार काही करायचं नाही. परत आल्यावर ‘इतके दिवस कुठं उलथला होतास?’ असं चारचौघांत विचारू नका. झालेल्या धड्यांची वही स्वतःहून द्या. खेळताना टीममध्ये पहिल्यांदा त्याचं, तिचं नाव घ्या. लाजून मागं उभं राहणारं स्वतः विचारत नाही. आणि यंदा टोळी निघायच्या आधी घरातला एखादा मोबाइल नंबर लिहून घ्या. अधूनमधून फोन करा, गृहपाठाचा फोटो पाठवा, नाहीतर गावातली मॅच कोण जिंकलं तेवढं तरी कळवा.

फडात रेंज नसली, तरी रात्री पालावर मेसेज पोचतो.