सोबतच्या माणसाची नोंद

धुळ्याहून सुरतेकडे निघालं की सुमारे 50 किलोमीटरवर साक्री लागतं. पुढे दहिवेल आणि मग कोंडाईबारीचा घाट. रस्ता तोच, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग 6, आता 53. 21 ऑक्टोबर 2020च्या पहाटे मलकापूरहून सुरतेला निघालेली खासगी बस याच घाटात पुलावरून खाली कोसळली. पाच जण दगावले, तीसेक जखमी झाले. मृतांची बातमी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आली. जखमींचं पुढे काय झालं हे पेपरात येत नाही. ते आपल्या फिजिओथेरपीच्या ओपीडीत येतं, तेही तीन महिन्यांनी, अवघडलेला खांदा आणि माकडहाडावरची जखम घेऊन. सोबत बहुतेक वेळा बायको असते.

रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारने 5 मे 2025 रोजी विनारोकड उपचारांची योजना लागू केली. पहिले 7 दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. चांगली योजना आहे, जीव वाचतील. पण मणक्याला किंवा मेंदूला मार बसलेल्या माणसाचं खरं दुखणं आठव्या दिवसानंतर सुरू होतं आणि तिथून पुढची सगळी योजना म्हणजे त्याची बायको. हा अंक तिच्याविषयी आहे, आणि आपण तिच्याशी कसं वागतो याविषयीही.

पाय गेलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवा, असं आपण डिस्चार्जच्या वेळी सांगतो. म्हणजे दिवसातून 12 वेळा, त्यातल्या चार रात्री. कॅथेटर चार ते सहा वेळा. सांध्यांचे व्यायाम सकाळ-संध्याकाळ. पथ्याचं जेवण. साक्री-पिंपळनेरच्या पट्ट्यात हीच बाई कांदा लावायलाही जाते, कारण घरातली दुसरी मजुरी अपघाताच्या दिवशीच बंद पडली. आपला व्यायामाचा छापील कागद मात्र फ्लॅटमधल्या माणसासाठी काढलेला असतो. त्यात खुर्ची आहे, पलंग आहे, भिंतीला लावलेली दांडी आहे. तिच्या घरी मधोमध खोलगट झालेली खाट आहे. या खाटेवरून ऐंशी किलोचा माणूस व्हीलचेअरवर कसा घ्यायचा, हे किती जणांनी तिला करून दाखवलं? दाखवलं नाही तर ती काखेत हात घालून ओढते. अर्धांग झालेल्या बाजूचा खांदा निखळतो तो असाच. मग आपणच केसपेपरवर लिहितो: ‘चुकीची हाताळणी’. कोणाची चूक, ते लिहीत नाही.

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची गोष्ट आणखी अवघड. तो चालतो, जेवतो, बघणाऱ्याला बरा दिसतो. पण एका शब्दावरून ताट फेकतो, पोरांवर हात उचलतो, कालचं आज विसरतो. ग्लासगोच्या संशोधकांनी 1986 साली मेंदूच्या गंभीर दुखापतींचा पाच वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. घरच्यांवरचा ताण पहिल्या वर्षापेक्षा पाचव्या वर्षी जास्त निघाला, आणि त्याचं मोठं कारण शारीरिक अपंगत्व नव्हतं, बदललेला स्वभाव होता. आपल्याकडे या बदलाला नाव नसतं. ‘बाहेरचं’ झालं म्हणतात, भगताकडे नेतात, नाहीतर सासू सुनेला पांढऱ्या पायाची ठरवते. मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला की राग आवरण्याची ताकद जाते, तो मुद्दाम करत नाही, हे दोन वाक्यांत सांगता येतं. अहिराणीत सांगितलं तर आणखी बरं. ही दोन वाक्यं कुठल्याही मशीनपेक्षा जास्त उपयोगी आहेत, हे मी मशीनच्या जाहिराती छापणाऱ्या मासिकात लिहितो आहे.

उलटं चित्रही लिहायला हवं. बायको जखमी झाली तर? तिला माहेरी पोचवलं जातं. फॉलोअपला भाऊ येतो, नाहीतर आई. सगळे नवरे असे नसतात, मान्य. पण आपापल्या रजिस्टरमध्ये बघा.

भेटायला येणारा प्रत्येक जण खाटेपाशी बसून विचारतो, ‘आते कसं शे?’ तो प्रश्न तिच्यासाठी नसतोच. आपणही तिला तिच्या झोपेचं, कंबरेचं विचारत नाही. सांभाळणाऱ्यावरचा भार मोजण्याची झारिट यांची 22 प्रश्नांची पट्टी आहे. तेवढा वेळ ओपीडीत मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. दोन प्रश्न विचारा: रात्री सलग किती झोप होते, आणि आठवड्यातून किती वेळ दुसरं कोणी त्याच्यापाशी बसतं. दुसऱ्याचं उत्तर ‘कोणीच नाही’ असेल तर व्यायामांची संख्या निम्मी करा. सहा लिहून एकही न होण्यापेक्षा तीन झालेले बरे. शिवाय दिवसभर ‘पाय उचला, हात उचला’ म्हणत बसलेली बायको काही महिन्यांत त्याला हेडमास्तर वाटू लागते. त्यांचं भांडण व्यायामाचं नसतं. नवरा-बायको म्हणून शरीराचं जे काही राहिलं आहे त्याचं काय, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं आणि ते विचारणार नाहीत. विषय आपणच काढायचा असतो.

आता मुद्द्याचं. अपघाताचा क्लेम न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं चालतो. बायको फुकट करते म्हणून तिच्या सेवेची किंमत शून्य, असं कायदा म्हणत नाही. घरच्यांच्या विनामूल्य सेवेचा फायदा अपघात करणाऱ्याला मिळू नये, हे दिल्ली उच्च न्यायालयाने 1981मध्येच सांगितलं आहे. काजल या अपघातात जखमी झालेल्या मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2020मध्ये तिच्यासाठी महिना पाच-पाच हजारांचे दोन मदतनीस धरले आणि एकरकमी काहीतरी देण्याऐवजी वर्षाच्या खर्चाचा 18च्या गुणकाने हिशेब केला. ती रक्कम 21 लाख 60 हजार झाली. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. केरळ ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून सांभाळणाऱ्याला महिना 600 रुपये देतं. रक्कम किरकोळ आहे, पण ती सांभाळणाऱ्याच्या नावाने निघते.

मदतनीस लागतो का, किती तास, किती काळ, हे न्यायाधिकरणापुढे कागदाने दाखवावं लागतं. तो कागद रुग्णाला महिनोन्‌महिने बघणाऱ्याच्या हातचा असला तर त्याला वजन येतं, आणि तसे बघणारे आपणच असतो. आपण सांध्याचे अंश लिहितो, स्नायूंची ताकद शून्य ते पाचात लिहितो. ‘कूस बदलणे, अंघोळ, शौच यांसाठी दुसऱ्या माणसाची मदत, रोज अंदाजे इतके तास, सध्या पत्नी करते’ ही ओळ लिहीत नाही. दर भेटीला तारखेसह लिहिली तर दोन वर्षांनी वकिलाला आपल्यामागे पळावं लागणार नाही, आणि आपल्याला आठवून प्रमाणपत्र द्यावं लागणार नाही. खोटे तास लिहू नका. उलटतपासणीत ते उघडे पडतात आणि खरेही वाया जातात.

पुढच्या अंकात या नोंदीसाठी अर्ध्या पानाचा नमुना छापत आहोत. खाट, ओटा आणि अंगणातला नळ धरून काढलेले व्यायामाचे कागद, अहिराणीत असतील तर अहिराणीत, कोकणी-पावरीत असतील तर तसे, आमच्याकडे पाठवा. चित्रं ओबडधोबड असली तरी चालतील.